चित्रं मंदीतली, पण चित्रात मंदी कुठाय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या पोस्ट ऑफिसांमधल्या म्युरल्सवर, म्हणजे भित्तिचित्रांवर, लेख आला. एरवी या विषयावर मराठीत कोण लिहितंय, म्हणून आधी मनापासून थँक्यू. पण दोन वाक्यं वाचून राहवेना म्हणून हे पत्र. एक म्हणजे ही चित्रं १९३० च्या दशकातल्या महामंदीत उपाशी मरणाऱ्या चित्रकारांना जगवायला डब्ल्यूपीएने, म्हणजे बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेने, काढून घेतली, आणि दुसरं म्हणजे त्यांत "सामान्य माणसाचं दुःख जिवंत झालं आहे". पहिलं चुकलंय. दुसरं तर साफ उलटं आहे.

पहिल्याचा निकाल आधी लावतो. डब्ल्यूपीएचं नाव इतकं गाजलं की त्या काळातलं सरकारी पैशाचं काहीही दिसलं की लोक त्यावर तोच शिक्का मारतात, अमेरिकन लोकसुद्धा. डब्ल्यूपीएची कलाकारांसाठी योजना होती हे खरं, १९३५ ला सुरू झाली, पण तिथे बहुतेकांना आधी आपण गरजू आहोत हे दाखवावं लागायचं आणि मग मजुरीसारखा पगार मिळायचा. पोस्टातली चित्रं मात्र ट्रेझरी खात्याची. ट्रेझरी का, तर सरकारी इमारती बांधायचं काम तेव्हा त्या खात्याकडे होतं. तिथे ऑक्टोबर १९३४ मध्ये एक विभाग निघाला, सेक्शन ऑफ पेंटिंग अँड स्कल्प्चर, पुढे त्याचं नाव बदलून सेक्शन ऑफ फाइन आर्ट्स झालं, लोक नुसतं सेक्शन म्हणायचे. नव्या इमारतीच्या बजेटमधला साधारण १ टक्का कलेसाठी बाजूला काढायचा आणि शक्यतो कॉम्पिटिशन घेऊन काम द्यायचं. स्केचवर नाव घालायचं नाही, नाव वेगळ्या बंद पाकिटात. तुमच्या घरी चूल पेटते का हे कुणी विचारायचं नाही, चित्र चांगलं आहे का एवढंच बघायचे. आता याला खैरात कसं म्हणायचं? हे सरळसरळ कॉन्ट्रॅक्ट होतं, आणि तेही काही गबर करणारं नव्हतं, छोट्या गावाच्या चित्राला साधारण ७०० डॉलरच्या आसपास मिळायचे आणि त्यातच कॅनव्हास, रंग, प्रवास आणि भिंतीवर चढवायचा खर्च.

हे सगळं सुरू कसं झालं तेही भारी आहे. जॉर्ज बिडल नावाचा चित्रकार रूझवेल्टचा शाळेपासूनचा ओळखीचा, त्याने १९३३ च्या मे महिन्यात थेट प्रेसिडेंटलाच पत्र टाकलं की मेक्सिकोतले चित्रकार प्लंबरच्या पगारात सरकारी इमारतींच्या भिंती रंगवतात आणि त्यातून त्यांच्या देशात केवढी मोठी कला उभी राहिली, मग आपल्याकडे का नको. त्यानंतर डिसेंबर १९३३ ते जून १९३४ अशी एक छोटी योजना चालली, त्यात ३५०० हून जास्त कलाकारांनी १५,००० हून जास्त कामं केली, ती मात्र खरोखर पोट भरायला होती. ती चालवणारा एडवर्ड ब्रूस, वकिली आणि धंदा करून मग चित्रकार झालेला माणूस, त्यानेच पुढे सेक्शन उभा केला. १९४३ ला ब्रूस गेला आणि त्याच वर्षी सेक्शनही बंद पडला, युद्ध चालू असताना चित्रांना पैसे कोण देणार. तोवर हजाराच्या वर पोस्ट ऑफिसांत काहीतरी लागलं होतं, बहुतेक ठिकाणी चित्र आणि काही ठिकाणी मूर्तिकाम.

आता दुसरं वाक्य, माझा खरा राग त्यावर आहे. ही चित्रं एकामागून एक बघा आणि मला त्यात मंदी दाखवा. आयोवातल्या कॉर्निंगच्या पोस्टात मॅरियन गिलमोरने १९४१ मध्ये काय काढलं, तर गावच्या चौकात चाललेला बँडचा कार्यक्रम. एम्सला लोवेल हाउझरने १९३८ मध्ये मक्याची वाटचाल काढली, मधोमध कणीस, एका बाजूला जुन्या माया संस्कृतीतला माणूस आणि दुसऱ्या बाजूला आजचा आयोवाचा शेतकरी. नेब्रास्कात ऑबर्नला गव्हाची मळणी, टेक्सासमध्ये ओडेसाला उधळलेली गुरं. मका, गहू, गुरं, टपालगाडी, पहिले वसाहतवाले, झालं. १९३३ मध्ये त्या देशात चारातला एक माणूस बेकार होता, बँका बुडालेल्या, पण ब्रेडच्या रांगा आणि लिलावात गेलेली शेतं पोस्टाच्या भिंतीवर शोधून सापडणं मुश्किल.

असं का झालं हे समजून घ्यायचं तर काम कसं चालायचं ते बघायला पाहिजे. चित्रकाराला सांगितलेलं असायचं की गावात जा, पोस्टमास्तरला भेट, लोकांना काय बघायला आवडेल ते विचार. मग रंगीत स्केच वॉशिंग्टनला पाठवायचं, तिथून एडवर्ड रोवन नावाचा अधिकारी बारीक बारीक चुका काढून परत पाठवायचा. स्केच पास झालं की पहिला हप्ता. मग पूर्ण साइजचं ड्रॉइंग, त्याचा फोटो पाठवा, तो पास झाला की दुसरा. शेवटचा हप्ता चित्र भिंतीवर लागल्यावर, आणि ते नीट लागलंय असं पोस्टमास्तरनेही कळवायचं. बहुतेक चित्रं स्टुडिओत कॅनव्हासवर ऑइलमध्ये रंगवून, गुंडाळून आणून, सफेदा लावून भिंतीला चिकटवलेली. जागा ठरलेली, लॉबीच्या टोकाला पोस्टमास्तरच्या केबिनचं दार आणि त्या दाराच्या वरची आडवी पट्टी. म्हणजे चित्र लांबलचक आणि बुटकं, बऱ्याचदा खालून मधेच दाराची चौकट घुसलेली, दोन्ही बाजूंना नोटीस बोर्ड, आणि बघणारा हातात पत्रं घेऊन मान वर करून उभा. त्या चौकटीशी कोण कसं जमवून घेतो हे बघण्यातच मला अर्धी मजा येते.

तर इतक्या जणांची मान डोलली पाहिजे म्हटल्यावर टोचणारं काही टिकणार कसं! सगळ्यात बोलकी गोष्ट आयडाहोमधल्या केलॉगची. १९३९ मध्ये सेक्शनने प्रत्येक राज्यातलं एक पोस्ट ऑफिस घेऊन तेव्हाच्या ४८ राज्यांची एकच मोठी कॉम्पिटिशन लावली आणि निवडलेली स्केचेस लाइफ मॅगझिनमध्ये छापून आली. केलॉग हे खाणीचं गाव. फ्लेचर मार्टिनने तिथल्यासाठी काढलं होतं की अपघातात सापडलेल्या कामगाराला त्याचे साथीदार खाणीतून स्ट्रेचरवरून बाहेर आणतायत. जबरदस्त चित्र. खाण कामगारांच्या युनियनला ते पसंत, पण खाणवाल्या आणि धंदेवाल्या मंडळींना ते बघवेना, रोजच्या रोज लोकांच्या डोळ्यासमोर अपघात कशाला वगैरे. शेवटी १९४१ ला भिंतीवर काय लागलं, तर गावाच्या संस्थापकाचं गाढव आणि खाणीचा शोध! दंतकथा अशी की नोआ केलॉगचं गाढव चुकलं आणि त्याला शोधताना खनिजाची शीर सापडली, गावकरी स्वतःच गमतीने बोर्ड लावायचे की हे गाव गाढवाने शोधलं आणि इथे त्याचेच वंशज राहतात. गाढवाचं चित्र वाईट नाहीये, पण रोज जीव धोक्यात घालणारी माणसं गेली आणि त्यांच्या जागी गाढव आलं, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही.

बायकांना इथे इतर ठिकाणांपेक्षा बरी संधी मिळाली, नावं झाकून निवड असल्याचा फायदा असणार. ऑबर्नची ती मळणी एथेल मॅगाफनची, तेव्हा ती जेमतेम बाविशीची. त्याआधी कॅन्सासच्या फोर्ट स्कॉटसाठी तिने यादवी युद्धात लॉरेन्स गावात झालेलं हत्याकांड काढून पाठवलं होतं, ते नापास, आणि मळणी पास. तिच्या बाबतीत सेक्शनला नक्की काय पाहिजे होतं ते कळलं ना? नावं झाकून निवड हे सगळ्यांच्याच कामी आलं असंही नाही, ब्लॅक कलाकार बोटांवर मोजण्याइतके, त्यातला एक आर्चिबाल्ड मोटली, इलिनॉयमधल्या वुड रिव्हरला त्याची टपालगाडी आहे.

पण म्हणून सगळं गुळमुळीत आणि बिनकामाचं असं म्हणून मोडीत काढायला मी तयार नाही, कारण गावाला विचारायच्या ज्या सवयीने चित्रं मवाळ झाली त्याच सवयीने लोक त्यांच्याबद्दल बोलायलाही लागले. ओक्लाहोमातल्या वाटोंगामध्ये १९४१ ला ईडिथ मायरने शायन या मूळ अमेरिकन जमातीचा प्रमुख रोमन नोज रंगवला तर शायन प्रमुख रेड बर्ड चिडला, की हा आमचा माणूस नाहीच, हा दुसऱ्याच, नावाहो जमातीतल्यासारखा दिसतो, आणि आपली माणसं घेऊन पोस्टासमोर निदर्शनं केली. ज्यांचं चित्र काढलंय तीच माणसं दारात येऊन चूक दाखवतायत, कुठल्या म्युझियममध्ये असं झालं असतं तेव्हा? त्याच राज्यात अनाडार्कोला मात्र किओवा जमातीतल्याच चित्रकार स्टीफन मोपोपने जेम्स ऑकिया आणि स्पेन्सर असा या जोडीदारांना घेऊन १९३७ मध्ये १६ चित्रांनी पोस्ट भरून टाकलं, आपल्या लोकांचं जगणं आपल्या हाताने. ही दोन गावं एकमेकांशेजारी ठेवून बघा, बाहेरच्याने काढलेलं आणि घरच्याने काढलेलं यातला फरक सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

गावाचा आवाज म्हणजे नेहमी शहाणपणाचाच असंही नाही हं. साउथ कॅरोलायनात एकनला कोर्टाच्या भिंतीवर १९३८ मध्ये स्टेफान हिर्शने न्यायाची बाई काढली, तिचा रंग जरा सावळा वाटला म्हणून जज्जच बिघडले, ही मिश्र वंशाची दिसते म्हणाले, आणि चित्रावर पडदा आला. तर मेन राज्यातल्या केनेबंकपोर्टला एलिझाबेथ ट्रेसीने समुद्रकिनाऱ्यावर अंघोळीच्या कपड्यातल्या बायका काढल्या त्याही चालल्या नाहीत, लोकांनी मागे लागून १९४५ ला ते काढायला लावलं आणि तिथे जहाजाचं चित्र आणलं. एका गावाला कातडीचा रंग खटकला, दुसऱ्याला कपडे.

आज याच चित्रांवर परत वाद आहेत. कापसाच्या शेतात खुशीत राबणारे ब्लॅक मजूर, पराभूत किंवा हिंस्र दाखवलेले मूळ अमेरिकन, हे बघून आजच्या माणसाला त्रास होतो, आणि तो होणं बरोबरच आहे. पण माझं मत विचाराल तर झाकू नका, पुसू तर मुळीच नका, शेजारी मोठ्या अक्षरात लिहा की हे कुणी काढलं, कुणी पास केलं, गावातलं कोण बोललं आणि कोणाला विचारलंच नाही. केलॉगच्या गाढवाशेजारी त्या नाकारलेल्या खाणीच्या चित्राचा फोटो लावला तरी बघणाऱ्याला सगळं कळेल.

त्याहून मोठी भीती मला वेगळीच वाटते. पोस्ट खातं तोट्यात, जुन्या इमारती विकायला काढतात. चित्र सहसा खात्याच्याच मालकीचं राहतं पण भिंत दुसऱ्याची होते. लॉस एंजेलिसमधल्या व्हेनिसचं पोस्ट २०१२ मध्ये खाजगी मालकाकडे गेलं, तिथलं एडवर्ड बायबरमनचं १९४१ चं चित्र साफसूफ होऊन म्युझियमला उधार दिलं गेलं, म्हणजे जपलं गेलं हे मान्य. पण तिकीट घ्यायला गेलेल्या माणसाला ते न मागता, फुकटात दिसायचं, मग त्यासाठी वेळ काढून वेगळं जावं लागलं. बर्कलेत म्हणूनच लोकांनी पोस्टाच्या विक्रीविरुद्ध आंदोलन केलं, तिथेही १९३७ चं सुझन शॉयरचं चित्र आहे.

तेव्हा लेखकाला माझा निरोप द्या की पुढचा भाग लिहिणार असाल तर "मंदीचं दुःख" सोडा आणि कुठल्या गावाने काय नाकारलं त्याच्या मागे लागा, त्यात खरा मसाला आहे. आणि फोटोखाली नुसतं "मंदीकाळातलं भित्तिचित्र" असं छापू नका हो, चित्रकाराचं आणि गावाचं नाव टाकत जा, ७०० डॉलरमध्ये त्या माणसांनी एवढं काम केलंय.

आपला,
एक नियमित वाचक