ताई, तुम्ही विचारलंत म्हणून

प्रिय ताई,

तुम्ही तुकडे जोडून दिलेला कोकणकड्याचा फोटो काल फ्रेम होऊन घरी आला. नाव लिहू नका म्हणालात, नाही लिहीत. पण चारचौघांत आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा एका फोटोत मावतच नाही. अर्धवर्तुळात आत वळलेली ती अजस्र भिंत ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. म्हणून बाबांनी उभ्या जागी वळत वळत, डावीकडून उजवीकडे, एकामागून एक फोटो काढले होते. इंद्रवज्र, म्हणजे धुक्यात उमटणारं गोल इंद्रधनुष्य, दिसेल या आशेने आई दुखऱ्या गुडघ्यांनी पाचनईच्या वाटेने चढली होती. ते काही दिसलं नाही. धुकं मात्र सारखं येत-जात होतं आणि कॅमेरा ऑटोवर, त्यामुळे प्रत्येक फोटोचा उजेड निराळा. पुढच्या खडकावर आई बसलेली. त्यानंतर ती कुठलाच गड चढली नाही, आणि आता ती नाही.

एका स्टुडिओने सगळे फोटो प्रोग्रॅममध्ये टाकून बटण दाबलं. आकाशात पट्टे उमटले, आणि आई नेमकी जोडावर आल्यामुळे तिला दोन चेहरे आले. हे दाखवलं, तर त्यांनी तिला पुसूनच टाकलं. वर म्हणाले, ‘आता बघा, सीन कसा क्लीन दिसतोय!’ बाबा एक शब्द बोलले नाहीत. दुसरीकडे सल्ला मिळाला, ‘ट्रायपॉड लावून परत काढून आणा.’ परत कुठून आणायचं तिला?

मग तुम्ही भेटलात. हगिन या फोटो जोडायच्या प्रोग्रॅममध्ये समोरच्या कड्यातली एकेक भेग हाताने जुळवलीत, उजेड एकसारखा केलात. कॅमेरा हातात धरून वळलं की लांबचा कडा जुळतो, पण जवळचे खडक जागचे हलतात, हेही बाबांना किती मायेने समजावलंत. पण मला राहून राहून आठवतो तो तुमचा फोन.

‘एका फोटोत आई कॅमेऱ्याकडे बघतायत, दुसऱ्यात दरीकडे. मास्क लावून, म्हणजे नको तो भाग झाकून, कुठलीही एक ठेवता येईल. कुठली ठेवू?’

मी फोन बाबांकडे दिला. ते म्हणाले, ‘दरीकडे. मी हाका मारत होतो, तिची नजर हटत नव्हती.’ आणि मग बोलतच राहिले. आई गेल्यापासून तिच्याबद्दल ते इतकं कधी बोलले नव्हते. तुम्ही मध्ये एकदाही ‘बरं, फोन ठेवते’ म्हणाला नाहीत.

आमची आजी गोधडी शिवायला बसली की लुगड्याचा काठ हातात धरून आधी विचारायची, ‘हा कुणाचा? ठेवायचा ना?’ कात्री त्यानंतर. परक्याच्या वस्तूला हात लावण्याआधी असं थांबणारी माणसं अजून आहेत, या एका गोष्टीचा मला किती आधार वाटतो! त्याला ना जास्त वेळ लागतो, ना महागडं मशीन.

फोटो रविवारी बैठकीच्या खोलीत लावतोय. तुम्ही यायचंच. बाबा स्वतः फोन करणार आहेत, आणि आईच्या पद्धतीची पुरणपोळी मावशी करणार आहे. ‘कामं आहेत’ हे कारण चालणार नाही.

तुमची ऋणी,
कोकणकड्यावर बसलेल्या त्या बाईंची लेक