आता टेबल भादलीच्या ताईकडे

जळगाव, रविवार रात्र

ती. आई आणि आप्पा यांना,
सा. न. वि. वि.

फोनवर ‘लॅब सोडली’ एवढंच बोलणं झालं. आप्पांना नीट ऐकू गेलं नाही, आणि आई, तू तर ‘चांगली चाललेली नोकरी का सोडली गं’ म्हणत रडायलाच लागलीस. म्हणून सविस्तर लिहिते. आप्पा, सावकाश वाचा आणि आईला वाचून दाखवा.

काळजीचं काही नाही. भांडण झालं नाही, कुणी काढलंही नाही. शहाद्याला केळीच्या रोपांची नवी लॅब उभी राहतेय, तिथे नव्या पोरी पहिल्यापासून शिकवून तयार करायच्या आहेत. ते काम मला हवं होतं. पगाराचं घरी आल्यावर सांगते. मला लिहायचंय ते मागच्या पंधरा दिवसांचं.

सतरा वर्षं त्या काचेच्या खोलीत गेली. बावीस बायका, प्रत्येकीसमोर स्पिरिटचा दिवा, हातात चिमटा आणि ब्लेड, वर हवेच्या यंत्राची दिवसभर घरघर. केळीच्या कोंबाचे तुकडे करून नव्या बाटलीत लावायचे, महिनाभरात फुटवे आले की पुन्हा तेच. साधारण आठ फेऱ्यांवर थांबायचं, पुढे गेलं की रोपं बिघडायला लागतात. मी जाणार हे कळलं आणि खोलीत त्या घरघरीशिवाय आवाजच राहिला नाही. दोघी तर म्हणाल्या, ताई नाही तर आम्हीही नाही.

मी सगळ्यांना बसवून बोलले. तुम्ही हुशार आहात, माझ्यावाचून काही अडत नाही, वगैरे. त्या जास्तच रडल्या. रात्री विचार केला तेव्हा कळलं की हे बोलणं कुणालाही उद्देशून करता आलं असतं, त्यात त्यांच्यातली एकही नव्हती. मग रोज दोघी-तिघींजवळ स्टूल घेऊन बसले आणि इतक्या वर्षांत जे पाहिलं ते जिचं तिला सांगितलं. भादलीच्या ताईला म्हटलं, तुझ्या बाटल्यांत बुरशी येत नाही, कारण तू झाकण काढल्यावर बाटलीचं तोंड ज्योतीपासून लांब नेत नाहीस आणि त्या वेळी कुणाशी बोलत नाहीस. नशिराबादच्या पोरीचा हात हळू आहे, त्यावरून तिला टोमणे बसतात. तिला माझं रजिस्टर उघडून दाखवलं : तिच्या कोंबांना सगळ्यात कमी इजा होते. ती बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसली होती.

आता एक गोष्ट तुम्हालाही पहिल्यांदाच सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी वीज गेली आणि ऑटोक्लेव्हचा, म्हणजे बाटल्या वाफेवर निर्जंतुक करायच्या मोठ्या कुकरचा, दाब मध्येच उतरला. बाटल्यांतलं खाद्य १२१ अंशांवर पूर्ण वेळ राहायला हवं, ते राहिलं नाही. ऑर्डरची घाई होती, मी तसंच वापरलं. पाचव्या दिवशी सहाशे बाटल्यांत पांढरी बुरशी. बोलणी बसली ती माझ्या शेजारच्या नव्या पोरीला, हात नीट धुतले नसतील म्हणून. मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी साहेबांना खरं सांगितलं, पण तोवर ती काम सोडून गेली होती. तिच्या गावी जाऊन माफी मागितली, ती परत आली नाही. हे मी बावीस जणींसमोर सांगितलं, कारण त्यांना वाटतं ताईच्या हातून चूक होत नाही आणि आपल्या हातून झाली तर संपलं. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एकीने आपणहून येऊन सांगितलं, परवा चिमटा खाली पडला होता, तसाच वापरला, ती तेवीस बाटल्यांची लाइन वेगळी ठेवा. मला इतकं बरं वाटलं, आप्पा!

आणखी एक काम राहिलं होतं. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा असोद्याच्या मावशींनी विचारलं होतं, यात आपलं काय? मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आज टेम्पो करून सगळ्यांना मामुराबादच्या शिवारात नेलं. आमच्याच रोपांची मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली, आत्ता निसवलेली, केळफुलं बाहेर आलेली. कितीक जणींनी रोपं बाटलीबाहेर गेल्यावर पुढे पाहिलीच नव्हती. मावशी एरवी शेडनेटमध्ये हजार रोपांतलं एक खुजं नाहीतर चट्ट्याचं रोप लांबून ओळखतात. त्यांनी एका खोडाला वीत लावून पाहिली, तीन विती भरल्या. मग वर लोंबणाऱ्या लाल कमळाकडे बघत म्हणाल्या, ‘हे माझ्या चिमट्यात मुगाएवढं होतं.’ तिथेच बांधावर पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी सगळ्यांनी घरून आणल्या होत्या. भरीत तुझ्यासारखं नव्हतं आई, पण सगळं संपलं.

शेवटचे आठ दिवस मी माझ्या तपासणीच्या टेबलावर बसले नाही. तिथे भादलीच्या ताईला बसवलं आणि मी खोलीबाहेर थांबले. हात शिवशिवत होते. तुमची आठवण आली, आप्पा. मी पाचवीत असताना तुम्ही मला बसराई केळीचे मुनवे, बुंध्याशी फुटलेले कोंब, लावणीसाठी निवडायला बसवलं होतं. तलवारीसारख्या पानांचा घे, रुंद पानांचा सोड, एवढंच सांगितलंत. संध्याकाळी माझा ढीग न उलटता-पालटता तसाच लावायला घेतलात. मी सरीच्या कडेला उभी राहून बघत होते, आता काढतील, आता बाजूला टाकतील. तुम्ही एकही टाकला नाहीत. त्यात चुकीचे असणारच, तुम्हाला दिसलेही असतील. घरी आल्यावर विचारणार आहे.

‘आम्हीही नाही’ म्हणणाऱ्या त्या दोघी थांबल्यात. भादलीच्या ताईने कालच फोन करून एका लॉटबद्दल विचारलं. मी म्हटलं, तुला काय वाटतं? तिने सांगितलं आणि तेच बरोबर होतं.

गुरुवारी दुपारच्या यावलच्या गाडीने येते, चार दिवस राहीन. थंडी वाढलीय, बागेला रात्रीचं पाणी आणि बांधावर धूर करावा लागेल हे मला माहीत आहे. पण आप्पा, मोटर चालू करायला तुम्ही एकटे जाऊ नका, शेजारच्या दादाला सांगा. आई, गुडघ्याचं तेल आणतेय. बामणोदची वांगी मिळाली तर घेऊन ठेव.

तुमची,
माई