कॉम्प्युटर लस डिझाइन करेल हो, पण आमच्या चिखलातला जंतू त्याला देणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात 'आता कॉम्प्युटरच शोधणार लस' अशी बातमी आली आणि इकडे टपरीवर लगेच चर्चा सुरू, की चला, आता लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-गुरांकडून चिखलात येणाऱ्या जंतूचा ताप) गेला. माझी नोकरी सिंधुदुर्गात लॅबमध्ये रक्त तपासण्यातच गेली, म्हणून लिहितोय. बातमी खोटी नाहीये, अर्धी आहे.

कॉम्प्युटर करतो काय, तर जंतूचा अख्खा जीनोम, म्हणजे त्याची रासायनिक अक्षरांत लिहिलेली सगळी आनुवंशिक माहिती वाचतो, त्यातली कुठली प्रोटीन्स जंतूच्या बाहेरच्या अंगाला असतील ते हुडकतो, माणसाच्या प्रोटीनशी मिळतीजुळती असतील ती बाद करतो, आणि उरलेल्यातला कुठला तुकडा आपल्या पेशी ओळखतील याचा अंदाज बांधतो. हे खरंच चालतं. मेंदूज्वराच्या मेनिंगोकोकस बी वर असंच झालं, शास्त्रज्ञ रिनो रापुओली यांच्या टीमने जीनोममधून सुमारे ६०० उमेदवार काढले, त्यातली ३५० प्रोटीन्स लॅबमध्ये बनवली, उंदरांना टोचली, त्यातून जंतू मारणाऱ्या अँटिबॉडी तयार करणारी निघाली २८ च्या आसपास. हे सगळं २००० साली छापून आलं आणि लसीला युरोपात परवानगी मिळाली २०१३ ला! म्हणजे कॉम्प्युटरचं काम पटकन उरकलं, बाकी सगळी वर्षं लॅब आणि ट्रायलमध्ये गेली. कोरियाने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या कोविडच्या एका लसीचा सांगाडा तर कॉम्प्युटरवरच डिझाइन केलेला होता, ते श्रेय द्यायलाच हवं.

आता आमचं बघा. माकडतापाचा विषाणू, जो १९५७ ला कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात सापडला आणि २०१६ पासून आमच्या दोडामार्गात ठाण मांडून बसलाय, त्याचा जीनोम जेमतेम ११ हजार अक्षरांचा. लेप्टोचा ४६ लाखांच्या वर. आणि मलेरियाचा परजीवी, २ कोटी ३० लाख अक्षरं, पाच हजारांवर जीन्स, शिवाय डासात त्याचं रूप वेगळं, लिव्हरमध्ये वेगळं, रक्तात वेगळं. म्हणून परजीवीवर लस एवढी अवघड. मलेरियाच्या ज्या दोन लसी डब्ल्यूएचओने २०२१ आणि २०२३ ला मान्य केल्या (दुसरी आपल्या पुण्याच्या सीरममध्ये बनते, हे आमच्याकडे फार कुणाला माहीत नसतं) त्या दोन्ही एकाच प्रोटीनवर उभ्या आहेत आणि ते प्रोटीन जीनोम वाचून व्हायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

लेप्टोचं दुखणं अजून वेगळं. त्याच्या अडीचशेच्या वर जाती, एकीची लस दुसरीला चालेलच असं नाही. त्याचं लिपएल३२ नावाचं एक प्रोटीन आहे, रोग करणाऱ्या जातींमध्ये सापडतं, भरपूर असतं, कॉम्प्युटरला विचाराल तर पहिला नंबर देईल. प्रत्यक्षात जनावरांवरच्या प्रयोगात त्याने संरक्षण म्हणावं तसं मिळालंच नाही. आणि हल्ली तर फुकटच्या वेबसाइटवर जीनोम टाकून, तुकडे जोडून, डॉकिंगची (दोन रेणू एकमेकांत कसे बसतील याची) रंगीत चित्रं काढून 'लस डिझाइन केली' असे पेपर धडाधड निघतात, शेवटच्या ओळीत हळूच लिहिलेलं असतं की आता लॅबमध्ये तपासणं गरजेचं आहे. अहो मग तपासा ना!

माझं खरं म्हणणं पुढेच आहे. कॉम्प्युटरला जे जीनोम दिले त्यावरच तो डोकं चालवणार. आमच्याकडे भातलावणीच्या दिवसात ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या दुखायला लागल्या की रक्त घेतात, तपासणीचं किट लेप्टो आहे की नाही एवढंच सांगतं, पेशंटला डॉक्सी किंवा पेनिसिलिन असं अँटिबायोटिक मिळतं आणि विषय संपला. पेशंट वाचतो, ते महत्त्वाचंच, पण जात कुठली होती, उंदराकडून आली की गोठ्यातल्या गुरांकडून, हे त्या किटला कळत नाही. ते कळायला जंतू वाढवावा लागतो, त्यासाठी रक्त पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकच्या आधी घ्यावं लागतं, आणि हा जंतू इतका आळशी की वाढायला कित्येक आठवडे घेतो. कंटाळवाणं काम आहे, बातमी होत नाही त्याची.

ओरोस आणि रत्नागिरीला आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. तिथे पावसाळ्यात निवडक पेशंटचं रक्त, सोबत शेतातले उंदीर, गुरं, कुत्रे यांचे नमुने घेऊन जंतू वाढवायची सोय करा, त्यांचे जीनोम वाचून (सिक्वेन्स करून) सगळ्यांना खुले ठेवा. मग पुणे, दिल्ली, कुठलाही पोरगा बसून आमच्या कुणग्यातल्या (भातशेतातल्या) जंतूवर डोकं चालवू शकेल. आरोग्य खात्याने मे महिन्याच्या आत ठरवलं तर याच लावणीला सुरुवात होऊ शकते, तुम्ही पेपरवाल्यांनी तेवढं विचारा त्यांना.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग