पिसदुऱ्याची हाडे जागेवरून उचलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात 'विदर्भातील डायनासोर' हा मजकूर छायाचित्रांसह वाचला. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याचे नाव मोठ्या टायपात आलेले पाहून इथल्या माणसांना आनंद झाला, मलाही झाला. पण मजकुराचा सगळा भर प्राणी केवढा प्रचंड होता यावरच होता. तो नेमका कुठे सापडला आणि त्याचे भाऊबंद जगात आणखी कुठे निघाले, हा महत्त्वाचा भाग दोन ओळींत आटोपला. शिवाय एका छायाचित्रात एक गृहस्थ वावरातून उचललेला जीवाश्म हातात धरून हसत उभे आहेत. ते पाहून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

माझी नोकरी कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर म्हणून झाली. आमच्या कामात एखादी वस्तू सापडली की पहिला प्रश्न असतो, कुठल्या जागी आणि किती पातळीवर? या दोन नोंदी नसतील तर सापडलेली वस्तू नकाशावर मांडताच येत नाही. जीवाश्मांचे शास्त्रही याच दोन नोंदींवर उभे आहे, हे मला पुढे वाचनातून कळले, आणि तेव्हापासून पिसदुऱ्याच्या वावरांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

आपल्याच मुलखातली उदाहरणे देतो. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आता तेलंगणात असलेल्या मालेरीच्या लाल मातीच्या थरांत 'हायपेरोडॅपेडॉन' नावाच्या सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म मिळतात. चोचीसारखा जबडा आणि टाळूवर दातांच्या ओळीच ओळी, अशी त्याची ठेवण. वय साधारण २३ कोटी वर्षे. हाच प्राणी स्कॉटलंडमध्ये एल्गिनजवळ मिळाला, ब्राझील आणि अर्जेंटिनातही मिळाला. त्या काळी सगळे खंड एकमेकांना जोडलेले होते, म्हणून जमिनीवर चालणारा प्राणी इतका दूरवर पसरू शकला. त्याच मालेरीच्या थरांतल्या, सुसरीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याला 'पॅरासुकस हिस्लॉपी' म्हणतात. ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांचे हे नाव. पिसदुऱ्याची हाडे पहिल्यांदा अभ्यासकांपुढे आली तीही त्यांच्यामुळेच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर.

आता पिसदुऱ्याकडे या. इथले थर 'लॅमेटा' नावाच्या खडकांचे, म्हणजे दख्खनचा लाव्हा पसरण्याच्या सुमाराचे, वय साडेसहा-सात कोटी वर्षे. तोवर खंड फुटून अलग झाले होते. भारत आणि मादागास्कर हा जोडतुकडा आफ्रिकेपासून आधी सुटला, मग अंटार्क्टिकापासून, आणि साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करही मागे राहिले. आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्राने वेढलेली, उत्तरेकडे सरकत होती. २०११ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून एका मोठ्या सापाची नवी जात नोंदवली, 'मॅडसोइया पिसदुरेन्सिस'. गावाचे नाव जगभरच्या शास्त्रग्रंथांत गेले ते असे. या सापाची सख्खी भावंडे मादागास्करात आहेत. गुजरातेत रहिओलीला मिळालेल्या 'राजासॉरस' या मांसभक्षी डायनासोरचे आप्त मादागास्कर आणि अर्जेंटिनात आहेत. मुंबईकर वाचकांनी तर लांब जायलाच नको. अंधेरीच्या आंबोली खाणीतून निघालेले 'संकुचेमिस' हे कासव २००३ मध्ये जाहीर झाले. त्याचे जवळचे नातलग एक तमिळनाडूत कल्लमेडूला आणि दुसरे पुन्हा मादागास्करातच.

खरे कोडे इथेच आहे. भारत दोन कोटींहून अधिक वर्षे एकटा तरंगत होता, तर इथले प्राणी इतरांपेक्षा पार वेगळे व्हायला हवे होते. तसे पुरेसे झालेले दिसत नाही. ही नाती खंड जोडलेले असतानाची, तशीच टिकून राहिलेली आहेत, की मध्येच एखादी जमिनीची वाट उघडी होती? काही अभ्यासक अंटार्क्टिकाच्या बाजूने, आता समुद्राखाली गेलेल्या पठारांवरून वाट होती असे म्हणतात, काही आफ्रिकेच्या बाजूने. वाद मिटलेला नाही. तो मिटवायला हवे ते पुरावे जगात मोजक्या ठिकाणी आहेत, आणि त्यातले एक आमच्या तालुक्यात कपाशीच्या वावरात पडलेले आहे.

म्हणूनच पातळीचे महत्त्व. हाड लाव्ह्याच्या खालच्या थरातले, की लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळातले, यावर त्याचे वय ठरते. मादागास्कर सुटल्यानंतर किती काळाने तो प्राणी इथे होता, हे त्यावरूनच सांगता येते. तेच हाड कोणाच्या दिवाणखान्यात शोकेसमध्ये गेले की 'मोठ्या प्राण्याचे हाड' यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही.

एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. गुजरातेतल्या ढोली डुंगरीला मोहबे यांनी १९८०च्या दशकात डायनासोरची अंडी आणि काही हाडे असलेला खडक काढला. ती हाडे अंड्यातून निघालेल्या पिलाची, असे आधी समजले गेले. २००१ मध्ये जेफ विल्सन या अमेरिकन अभ्यासकाला त्याच खडकात सापाचे मणके ओळखू आले. घरट्यात वेटोळे घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप, शेजारी अंडी आणि अर्ध्या मीटरचे पिलू. २०१० मध्ये 'सनाजेह इंडिकस' म्हणून तो जाहीर झाला. कोणी त्यातली चांगली दिसणारी अंडी सुटी करून वाटली असती, तर हा प्रसंग कोणाला कधीच कळला नसता.

पिसदुऱ्यात हाडांपेक्षाही जास्त दिसते ती प्राण्यांची दगड झालेली विष्ठा. करडे, गोलसर खडे. हातात घेतले तर आकाराच्या मानाने जड. पावसाळ्यानंतर नांगरटीतून वर येतात. अशाच खड्यांच्या आत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनासोरच्या काळी गवत नव्हते ही जुनी समजूत २००५ मध्ये मोडली. तो शोध याच वावरांतल्या विष्ठेवरचा. आणि हल्ली सुटीच्या दिवशी गाड्या घेऊन आलेली मंडळी हे खडे पिशव्या भरभरून नेताना मी स्वतः पाहिली आहेत. विचारले तर म्हणतात, 'इथे इतके पडले आहेत, चार नेले तर काय बिघडले?'

शेतकऱ्यांना मी बोल लावत नाही. नांगराच्या फाळाला दगड लागला की तो धुऱ्यावर फेकावाच लागतो. माझे म्हणणे इतकेच, की वेगळा दगड दिसला तर तो हलवण्याआधी शेजारी एक नाणे ठेवून मोबाइलवर फोटो घ्यावा, लोकेशन चालू ठेवावे, आणि ग्रामपंचायतीला किंवा शाळेतल्या गुरुजींना दाखवावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय नागपुरात आहे. तिथे ही माहिती पोचवणे अवघड नाही. परगावच्या हौशी मंडळींनी पाहावे, फोटो काढावेत, उचलू मात्र नये. केंद्राने २०२२ मध्ये भू-वारसा स्थळांच्या संरक्षणासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. आमच्या लोकप्रतिनिधींनी तो लावून धरावा आणि पिसदुरा आणि डायनासोरची हाडे निघालेली डोंगरगाव, सिरोंचा ही नावे पहिल्या यादीत घालून घ्यावीत.

आणखी एक मागणी. सिरोंचा परिसरात निघालेल्या 'बारापासॉरस' या डायनासोरचा उभा केलेला सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. डोंगरगावच्या 'आयसिसॉरस' या डायनासोरचे नावही त्याच संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (आयएसआय) पडले. त्याच्या पूर्ण नावातला 'कोलबर्टी' हा शब्द एडविन कोलबर्ट यांच्यासाठी आहे. १९६९ मध्ये अंटार्क्टिकात 'लिस्ट्रोसॉरस' ओळखून, हाच प्राणी दक्षिण आफ्रिकेत आणि बंगालच्या राणीगंज भागातही असल्याने हे खंड एकेकाळी जोडलेले होते याला भक्कम पुष्टी देणारे हे शास्त्रज्ञ. मूळ हाडे अभ्यासासाठी तिकडे असणे योग्यच आहे. पण त्यांचे साचे आणि मादागास्करचे नाते दाखवणारा एक मोठा नकाशा वरोऱ्यात किंवा चंद्रपुरात लावायला फार पैसा लागत नाही. आपल्या वृत्तपत्राने हा विषय पुढे न्यावा, आणि पुढच्या वेळी जीवाश्माचे छायाचित्र छापताना तो जमिनीत जिथे आहे तिथलेच छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त खाण सर्व्हेअर, वरोरा (जि. चंद्रपूर)