खाणीतल्या उजेडाबद्दल

प्रिय संजू,

जानेवारीत येतोयस, ते वाचून आनंद झाला. वेल्समधल्या ब्लायनाइ फेस्टिनियोगच्या पाटीच्या दगडाच्या खाणी पाहायच्या, तर लेण्यांची सवय बाहेर ठेवून ये. आपला बेसाल्ट अखंड कातळ. पाटीचा दगड पापुद्र्यांनी सुटतो. तिथे थर तिरपा जमिनीत उतरतो, म्हणून भुयारी दालनं कोरली आणि छत पेलायला मधे दगडी खांब सोडले. छताखालच्या ताज्या कपच्या दिसल्या की तिथे थांबायचं नाही. त्याहून फसवी म्हणजे जमीन: कुजलेल्या फळ्यांवर दगडचुरा साचलेला असतो आणि खाली पोकळी. आधाराच्या लाकडांना हात लावायचा नाही, पाण्याच्या डबक्यातही पाय घालायचा नाही. ते डबकं म्हणजे पाण्याने भरलेली खाणीची खोल उभी विहीर असू शकते.

मालकाची परवानगी आणि माहीतगार सोबती नसेल, तर आत जायचं नाही. हेल्मेट, प्रत्येकाकडे तीन बॅटऱ्या आणि प्राणवायू मोजणारं यंत्र हवंच. हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की लगेच परतायचं. मेणबत्तीच्या ज्योतीवर भरवसा ठेवू नकोस.

आता कॅमेरा. आत बाराही महिने साधारण १० अंश आणि हवा ओलीचिंब. हिवाळ्यात बाहेरून थंडगार भिंग आत नेलंस की त्यावर दव धरतं. म्हणून बॅग आत नेऊन अर्धा तास बंदच ठेव. उन्हाळ्यात हेच उलट, बाहेर पडताना होतं.

आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २००, भिंगाचं छिद्र एफ/८, शटर बल्बवर, म्हणजे बटण दाबून ठेवशील तोवर उघडं, ट्रायपॉड घट्ट. मित्राच्या हेल्मेटवर बॅटरीचा झोत पाडून फोकस साध, मग तो हाताने कायम कर. दोघांचे हेडटॉर्च बंद. खरं चित्र काढतो तो दुसरा: खांबाआडून, भिंतीला घासून जाईल असा झोत सतत हलवत चालायचं. थांबला की पांढरा डाग. समोरून उजेड टाकलास तर पाटी तो गिळते, सगळं सपाट दिसतं. कडेने टाकलास तर छिन्नीचे घाव उठून येतात. एक बॅटरी पिवळी, दुसरी निळसर असेल तर फोटो बिघडतो. भिंगाजवळ श्वास सोडू नकोस, वाफ चमकते. मित्र चित्रात हवाच, नाहीतर दालनाची उंची कळत नाही.

बाहेर तिसरा माणूस ठेवू. परतीची वेळ त्याच्याकडे लिहून द्यायची. ती उलटली की त्याने ९९९ ला फोन करून पोलिसांकडे गुहा-बचाव पथक मागायचं. तुझ्या बुटांचं माप कळव, गमबूट इथेच आणून ठेवतो.

तुझा,
अवि