वाद तू जिंकलास, पण तीन गाणी माझी

नागपूर,
18 मे

प्रिय अव्या,

तुझी कॅसेट सापडली.

घराला रंग काढायचा म्हणून माळा रिकामा करत होतो. भर मे महिन्यात रंग काढणारा भैताड मीच, हे तू म्हणायच्या आधी मी म्हणून टाकतो. पारा पंचेचाळीसला टेकलेला, कूलरच्या टाकीत दिवसातून तीनदा पाणी ओतून राहिलो, आणि अशात वाळ्याच्या जुन्या ताट्यांमागे बुटांचा एक खोका निघाला. आत अकरा कॅसेटी आणि एक अर्धी झालेली नटराज पेन्सिल. त्या कॅसेटींत तुझी मॅडोनाची 'अमेरिकन लाइफ'. आतल्या कागदावर निळ्या शाईत तुझं नाव, खाली 'परत करणे', आणि त्याखाली दोन रेघा. वीस वर्षांच्या वर झाले बे. तेव्हा तू मला चांगलाच ओळखून होतास, म्हणूनच दोन रेघा.

डेक लावला तर मोटर घरघरते, चाकं हलत नाहीत. उघडून पाहिला. आतला रबरी बेल्ट वितळून डांबर झालेला. तो काळा चिकटा बोटांना लागला, साबणाने निघेना, रॉकेल कोणाकडे मिळेना, शेवटी खोबरेल तेलाने गेला. बर्डीवर एक म्हातारे कारागीर अजून ही कामं करतात. त्यांनी नवा बेल्ट बसवला, दीडशे रुपये घेतले आणि विचारलं, "आता कोण ऐकते हे?" मी म्हणालो, मित्राची उधारी आहे.

तेव्हापासून तीन दिवस आलटून पालटून दोनच कॅसेटी चालू आहेत. तुझी 'अमेरिकन लाइफ' आणि माझी मायकेल जॅक्सनची 'इन्व्हिन्सिबल'. बायको म्हणाली, रंगवाले पळून जातील. पण मला आपला तो वाद एकदाचा निकाली काढायचा होता.

फुटाळ्याच्या काठावर कणसं खात घातलेला वाद आठवतो ना? तू मॅडोनाचा, मी मायकेलचा. दोघंही 1958 च्या ऑगस्टमधली, ती 16 ची, तो 29 चा. तेरा दिवसांच्या त्या फरकावरून तू तिला 'थोरली' म्हणायचास आणि मला चीड यायची. गायक प्रिन्सही त्याच सालचा, पण त्याची बाजू घ्यायला आपल्या टोळक्यात कोणी नव्हतं. 'थ्रिलर' मोठा की 'लाइक अ प्रेयर' मोठा, यावर आपण कधी भांडलोच नाही. भांडलो ते पडलेल्या अल्बमांवरून. सर्वांनी नावं ठेवलेली दोन मुलं, आणि आपण दोघं आपापल्या पोराची वकिली करून राहिलेलो.

आधी तुझ्या बाजूचं सांगतो, कारण त्यात हसण्यासारखं जास्त आहे. एप्रिल 2003 मध्ये तो अल्बम आला. त्याच्या आधी आपण सायबर कॅफेत बसून एक गाणं फुकट उतरवायला गेलो होतो. टक्का टक्का पुढे सरकणारी ती पट्टी, तासाचे पैसे चाललेले, मागे नंबर लावून उभी असलेली पोट्टी. शेवटी फाइल उतरली, एकच हेडफोन दोघांनी अर्धा अर्धा कानाला लावला, आणि गाण्याऐवजी खुद्द मॅडोनाने आपल्याला इंग्रजीतून खरमरीत शिवी घातली. काय करून राहिला आहात तुम्ही, अशा अर्थाची. चोरून उतरवणाऱ्यांसाठी तिनेच खोट्या फाइली सोडून ठेवल्या होत्या. तू इतका खूश झालास, जसा काही तिने तुला नाव घेऊन हाक मारली. दुसऱ्या आठवड्यात तू रोख पैसे मोजून कॅसेट घेतलीस.

आणि ती परत करायला आपणच गेलो! 'हॉलीवूड'च्या शेवटी तिचा आवाज मध्येच जाड होतो, मध्येच चिरका. आपल्याला वाटलं वॉकमनचे सेल उतरले. नवे सेल घातले, तरी तेच. पहिल्याच गाण्यात गिटार तुकडे तुकडे करून वाजते, म्हणून मग टेपच खराब असं ठरवून आपण भर उन्हात सायकली हाणत दुकानात. दुकानदाराने आपल्या डेकमध्ये लावून शांतपणे ऐकलं, आपल्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, बाईच तशी गाऊन राहिली." ते दुकान आता नाही. तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात आणि जवळूनच मेट्रो जाते.

ते तुकडे म्हणजे मिरवेसची करामत, हे मला फार उशिरा कळलं. पॅरिसचा हा संगीतकार तिच्यासोबत आधीच्या 'म्युझिक' अल्बममध्येही होता. साधी लाकडी गिटार घ्यायची आणि संगणकावर कांद्यासारखी चिरायची. तेव्हा मला तो आगाऊपणा वाटायचा. परवा कूलरच्या आवाजात ऐकलं, तर कूलरची घरघर आणि ती गिटार अशी काही मिसळली की मी पाणी घालायचं विसरलो.

पण त्या पहिल्या गाण्यातला रॅप, अव्या, तो आजही मला झेपत नाही. सोया लाटे, पिलाटीस, मिनी कूपर. बाई आपल्या घरातली सामानाची यादी वाचून राहिली, असं मी तेव्हा म्हणायचो. त्यावर तू म्हणायचास की हीच तर गंमत आहे, सगळं आहे आणि तरी हाती काही नाही, हे ती स्वतःवर हसून सांगते. मी ऐकायचो नाही. मला तिला 'भित्री' म्हणायला निमित्तच हवं होतं, आणि ते तिने दिलंही. 20 मार्चला इराकवर हल्ला सुरू झाला आणि पंधरवड्याच्या आत तिने त्या गाण्याचा व्हिडिओ मागे घेतला. लष्करी कपड्यांचा फॅशन शो, आणि शेवटी तिने फेकलेला हातबाँब बुशसारखा दिसणारा माणूस झेलतो आणि त्याने सिगार पेटवतो. त्या जागी देशोदेशीच्या झेंड्यांसमोर ती नुसती गाते, असा दुसरा व्हिडिओ आला. कव्हरवर क्रांतिकारक चे गव्हेराची टोपी आणि आत माघार, असं मी तुला चिडवायचो. तिकडच्या लोकांनाही ते पटलं नाहीच. अल्बम अमेरिकेत पहिल्या आठवड्यात एक नंबरला गेला खरा, पण ते गाणं 37 च्या वर चढलं नाही आणि 'हॉलीवूड' पहिल्या शंभरातही आलं नाही.

आता माझं पोर. 30 ऑक्टोबर 2001, दिवाळीच्या तोंडावर. 1996 च्या नोव्हेंबरात मायकेल मुंबईत अंधेरीला येऊन गाऊन गेला आणि बाबांनी मला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसू दिलं नाही, ते दुःख पाच वर्षं उराशी धरलेला मी. सुट्टीतले पैसे जमवून कॅसेट घेतली. सोळा गाणी, 77 मिनिटं. एवढं एका कॅसेटीत कोंबायचं म्हणजे टेप पातळ, ती दोनदा डेकमध्ये गुंतली आणि दोन्ही वेळा मी श्वास रोखून पेन्सिलीने गुंडाळली. या अल्बमला तीन कोटी डॉलर लागल्याचं तेव्हापासून छापून येतंय, जगातला सर्वात महाग अल्बम म्हणून. मला त्याचा अभिमान वाटायचा! जसे काही मीच त्यातले दोन-चार लाख दिले होते.

परवा ऐकताना मात्र ते तीन कोटी कानाला टोचले. पहिल्या गाण्याचं नाव 'अनब्रेकेबल', म्हणजे न मोडणारा, अल्बमचं नाव 'इन्व्हिन्सिबल', म्हणजे अजिंक्य. ज्याला रोज उठून हे ओरडून सांगावं लागतं त्याचं कुठे तरी मोडलेलं असतं, हे विसाव्या वर्षी कळत नाही. त्याच गाण्यात नोटोरियस बी.आय.जी.चा रॅप आहे. तो माणूस 1997 मध्येच मारला गेलेला. त्याच्या ओळी बास्केटबॉलपटू शकील ओनीलच्या 1996 च्या गाण्यातून उचलून इथे जोडल्या. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा राजा तिशीही न गाठलेल्या संगीत-निर्मात्या रॉडनी जर्किन्सला बाजूला बसवून पोरांच्या ठेक्याच्या मागे धावतो, आणि ठेका इतका घासतो, इतका घासतो, की त्याला चवच राहत नाही. सोळा पदार्थांची पंगत, आणि गोळाभातावर फोडणीचं तेल घालायचं राहून गेलं. 'द लॉस्ट चिल्ड्रन' तर मी आता पुढे सरकवतो. 2005 मध्ये मुलाच्या लैंगिक शोषणाच्या खटल्यात कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, तरी ते सगळं वाचल्यावर मुलांच्या नावाचं ते गाणं त्याच्या आवाजात माझ्याकडून ऐकवत नाही.

तेव्हा मी सगळा दोष कंपनीवर ढकलायचो. 2002 च्या जुलैमध्ये मायकेल न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सोनी म्युझिकच्या प्रमुख टॉमी मोटोलाविरुद्ध जाहीर बोलला, ते मी तुला पेपरचं कात्रण घेऊन दाखवायला आलो होतो. जाहिरात केली नाही, व्हिडिओ काढू दिले नाहीत, दुसरं काय होणार? त्यात थोडं तथ्य आहेच. पण 'यू रॉक माय वर्ल्ड'चा तेरा मिनिटांचा व्हिडिओ पुन्हा पाहा. मार्लन ब्रँडो आहे, क्रिस टकर आहे, टोपी आहे, गुंड आहेत, आणि हे सगळं त्याने आधी केलेलं आहे, यापेक्षा भारी केलेलं आहे.

मग माझ्या हाती काय उरलं? तीन गाणी. ती मी सोडणार नाही, सांगून ठेवतो. 'बटरफ्लाइज', मार्शा ॲम्ब्रोसियस नावाच्या तेव्हाच्या नवख्या मुलीने आंद्रे हॅरिससोबत लिहिलेलं. त्याला व्हिडिओ नव्हता, दुकानात सिंगल नव्हतं, तरी नुसत्या रेडिओवर ते अमेरिकेत 14 पर्यंत चढलं. त्यात तो कुणाला हरवायला निघालेला नाही. हलक्या, उंच आवाजात तो नुसता लाजतो. 'स्पीचलेस', जे त्याने एकट्याने लिहिलं आणि ज्याच्या सुरुवातीला आणि शेवटी एकही वाद्य नाही. आणि 'व्हॉटएव्हर हॅपन्स', सांतानाच्या गिटारवर. तीनही गाण्यांत तीन कोटी डॉलर कुठे दिसत नाहीत.

तुझ्या बाजूची यादी मात्र लांबली. 'नथिंग फेल्स' मध्ये शेवटी लंडनचा गॉस्पेल गायकवृंद उठतो तेव्हा मी रंगवाल्याला गप्प बस म्हणून हात केला. 'एक्स-स्टॅटिक प्रोसेस' जवळजवळ नुसत्या गिटारवर. आणि बाजू बी वरचं 'मदर अँड फादर'.

त्या गाण्याबद्दल मला लिहायचं होतं, म्हणून एवढं लांबण लावलं. मॅडोनाची आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. 1963. हे तेव्हा मला माहीत होतं, तूच सांगितलं होतंस. त्या गाण्यात ती लहान मुलीसारखी बोलते, बालगीतासारखे यमक जुळवते, आणि मध्येच रॅप करते. मी हॉस्टेलच्या गच्चीवर उभा राहून सगळ्या पोट्ट्यांसमोर त्याची नक्कल केली होती. अंगठा तोंडात घालून. सगळे लोळून हसले. तू वॉकमन माझ्या हातातून घेतलास, टेप थांबवली आणि म्हणालास, "चला बे, तर्री पोहे खाऊ." पोह्यांचे पैसे तूच दिलेस. तुझी आई तू दुसरीत असताना गेली, हेही मला तेव्हा माहीत होतं.

मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या आणि त्या एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. परवा माळ्याखाली बसलो होतो, हाताला अजून खोबरेलाचा वास, आणि ते गाणं लागलं. त्यात ती रॅपर म्हणून चांगली नाही, यमकं बाळबोधच आहेत. पण पाच वर्षांच्या मुलीची यमकं दुसरी कशी असतील? मी ते गाणं पेन्सिलीने मागे फिरवून पुन्हा ऐकलं, बटण होतं तरी. टेप तिथे इतर जागांपेक्षा जास्त घासलेली आहे, आवाज जरा दबलेला येतो. ते कोणी घासलं हे मला विचारायची गरज नाही.

तर वाद तू जिंकलास. ती 44 ची होती तेव्हा आणि तो 43 चा, आणि आता आपणही त्याच गल्लीत आलो. 2005 मध्ये तिने 'कन्फेशन्स' अल्बमने पुन्हा सगळ्यांना नाचवलं, तेव्हा तू फोन करून मला टोचलं नाहीस, हेही आज लक्षात आलं. मायकेलला दुसरी संधी मिळालीच नाही, 2009 च्या जूनमध्ये तो गेला, तोवर पुढचा अल्बम आला नाही.

कॅसेटीतला छोटा स्पंज निघाला होता, तो चिकटवून ठेवला आहे. कुरिअरने पाठवणार नाही, उन्हात टेप वाकडी होईल. तू पोळ्याला ये. तोवर रंगही झालेला असेल. सुनीताला आणि पोरांना आण, पण एक संध्याकाळ आपल्या दोघांना फुटाळ्यासाठी मोकळी ठेव. कणसांचे पैसे मी देईन.

तुझा,
बंड्या

ता. क. 'बटरफ्लाइज' ऐकल्याशिवाय उत्तर लिहू नकोस. मोबाइलवर नको, चांगला हेडफोन घे.