‘नको’ निवडले तर अपडेट होताच कामा नये

महोदय,

महिन्याचा दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो. मायक्रोसॉफ्ट विंडोजची मासिक अपडेट्स त्याच दिवशी सोडते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे धंतोली-रामदासपेठेतल्या सीए कार्यालयांत किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये बुधवारी सकाळी संगणक सुरू झाला की ती उतरू लागतात. मासिक जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे जीएसटी विवरणपत्र, भरायची मुदत ११ तारीख. त्याच आठवड्यात डिजिटल सहीच्या टोकनचा किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर (ते उपकरण संगणकाशी जोडून चालवणारा प्रोग्राम) बदलला, तर दिवस वाया जातो. मार्च २०२१ च्या अपडेटनंतर तर काही कंपन्यांच्या प्रिंटरना प्रिंट देताच निळा पडदा येऊन अख्खा संगणक बंद पडत होता.

अपडेटच नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मे २०१७ मध्ये फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या ‘वॉनाक्राय’ व्हायरसने ज्या भगदाडातून शिरकाव केला, ते बुजवणारे अपडेट १४ मार्चलाच आले होते. ज्यांनी ते लावले नाही, ते सापडले. आमची तक्रार एवढीच की पडद्यावर पर्याय द्यायचा, माणसाला तो निवडू द्यायचा आणि मग पाळायचा नाही, हे चालू देता कामा नये.

हे जुनेच दुखणे आहे. ‘आधी विचारा, मग लावा’ असे निवडलेल्या एक्सपी आणि व्हिस्टा संगणकांत विंडोज अपडेटच्या स्वतःच्या फाइल्स न विचारता बदलल्याचे सप्टेंबर २००७ मध्ये उघडकीस आले. २०१६ मध्ये विंडोज १० वर अपग्रेड करण्याची सूचना उजव्या कोपऱ्यातल्या फुलीने बंद केली, तरी ठरलेले अपग्रेड रद्द होत नसे. नको असताना झालेल्या अशाच अपग्रेडमुळे व्यवसायाचे नुकसान झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका महिलेला कंपनीने १०,००० डॉलर भरपाई दिली.

आजची यंत्रणा जास्त चिवट आहे. अनेक दुकानांत ग्राहकाला ‘सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट डिसेबल करा’ असे सांगतात. ते टिकत नाही. ‘विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस’ नावाची दुसरी सेवा फक्त यासाठीच बसवलेली आहे: बंद केलेली अपडेट सेवा ती ‘बिघडलेली’ समजते आणि दुरुस्त करते. तुमचा निर्णय तिच्या लेखी बिघाड ठरतो. शिवाय केबी४०२३०५७ हे अपडेट बंद पडलेले भाग पुन्हा सुरू करू शकते आणि जागा कमी असेल तर वापरकर्त्याच्या फोल्डरमधल्या फाइल्स आकुंचित करू शकते, असे कंपनीच्याच मदतपानावर लिहिले आहे. म्हणून सेवा मारण्याच्या किंवा इंटरनेटवरून मिळणारी ‘अपडेट ब्लॉकर’ बसवण्याच्या भानगडीत पडू नये. त्या ब्लॉकरबरोबर दुसरे काय घरात येईल, याचा नेम नाही.

विंडोज होम असेल तर हातात फार नाही. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये ‘पॉज अपडेट्स’ने जास्तीत जास्त ३५ दिवस मिळतात, नंतर साचलेले सगळे लावल्याशिवाय पुन्हा थांबवता येत नाही. ७ तारखेला पॉज करून महिनाअखेरच्या शनिवारी स्वतः लावणे हा व्यवहार्य मार्ग. ‘गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल’ हे बटण बंद ठेवावे. ‘ॲक्टिव्ह अवर्स’, म्हणजे संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ नये असे तास, हाताने भरावेत, १८ तासांपर्यंत भरता येतात. वायफाय ‘मीटर्ड’ (मोजक्या डेटाचे) असे ठरवल्याने बरीच डाउनलोड थांबतात, मात्र कंपनीला महत्त्वाची वाटणारी तरीही येतात.

प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर आहे. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज अपडेट या वाटेने ‘कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स’ शोधून क्रमांक २ निवडावा. मग डाउनलोडपूर्वी विचारणा होते. त्याच भागात ‘डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स’ सुरू करावे. टोकन, बारकोड प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र वापरणाऱ्या कार्यालयांना या एका ओळीचा सर्वाधिक उपयोग होतो. सुरक्षेची सोय मात्र पैसे जास्त मोजणाऱ्यालाच का, हे आम्हाला पटलेले नाही.

अपडेट स्वतः लावतानाही तयारी हवी. मोठ्या आवृत्तीबदलाआधी सी ड्राइव्हवर २० जीबी जागा मोकळी ठेवावी. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) सुरू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून कपाटात ठेवावी. ती नसेल आणि अपडेटनंतर संगणकाने मागितली, तर त्या डिस्कवरचा डेटा आम्हीही काढून देऊ शकत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी, वीज कधी जाईल याचा भरवसा नसताना, ६०० व्हीएच्या यूपीएसवर मोठे अपडेट सुरू करू नये. फाइल्स बदलताना यंत्र बंद पडले तर विंडोज उघडेनासे होऊ शकते.

हा प्रश्न एका कंपनीचा नाही. १९ जुलै २०२४ रोजी आपल्या सकाळी ९:३९ वाजता क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या प्रोग्रामसाठी एक सदोष फाइल सोडली. २० मूल्ये पुरवलेल्या प्रोग्रामला तिने २१ वे मूल्य वाचायला लावले आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ‘आम्हाला एक आवृत्ती मागेच ठेवा’ असे निवडलेले ग्राहकही त्यात होते. ती निवड प्रोग्रामला लागू होती, या फाइलींना नव्हती, आणि हे त्यांच्यापैकी किती जणांच्या लक्षात आले असेल? फोनचेही तेच. प्ले स्टोअरमध्ये ‘डोन्ट ऑटो-अपडेट ॲप्स’ निवडले तरी गंभीर दोष असल्यास अपडेट लावण्याचा हक्क गूगलने अटींमध्ये राखून ठेवला आहे. निदान ते लिहिलेले तरी आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत. सतत टोचत राहणे आणि जबरदस्तीची कृती त्यात आहे; ग्राहकाने निवडलेला पर्याय परस्पर फिरवणे याचा स्वतंत्र उल्लेख नाही. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. सुरक्षा अपडेट आपोआप असावीत, पण ती बंद करण्याची सोपी सोय आणि पुढे ढकलण्याची मुभा हवी, आणि शक्य तिथे ती नव्या सुविधांच्या अपडेटपासून वेगळी द्यावीत, असे तो सांगतो. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने हीच तीन कलमे आपल्याकडे आणावीत आणि निवड परस्पर बदलण्याला १४ वा प्रकार ठरवावे. तोपर्यंत ज्यांचे नुकसान झाले आहे त्यांनी सेटिंगचा आणि अपडेट हिस्टरीचा तारखेसह फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी.

– संगणक देखभालीचे काम करणारे काही तंत्रज्ञ, सीताबर्डी, नागपूर